वेगळं पान

गजभियेजींच्या केबिनचं दार वाजवलं की आतून आवाज येतो, "थम. कौन आता है?"

केबिन म्हणजे प्लायवुडनं अडवलेला एक कोपरा. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच आहे, त्यामुळे बाहेर कोण उभं आहे ते त्यांना बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत असतं. तरी विचारतात. दिवसातून कोणी कितीही वेळा दार वाजवो, प्रश्न तोच आणि ठसकाही तोच. त्यांचे आजोबा महूला पलटणीत होते, छावणीच्या गेटवर संतरी म्हणून उभे राहायचे, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापुढे कोणी विचारलं नव्हतं.

ऑफिसातल्या पोरांनी या प्रश्नाचा खेळ करून टाकलाय. कोणी म्हणतं, "पोहे." कोणी म्हणतं, "बिजली का बिल." एकदा एक मुलगी म्हणाली, "आपका प्रमोशन, पर गलत पते पे आ गया." गजभियेजी हसतात आणि "चला, या," म्हणतात. मी मात्र इमानदारीनं उत्तर देतो, "मी, चिटणीस." आणि लगेच पुढे, "कामात असाल तर नंतर येतो."

ऑफिस माझं आहे, हे इथे सांगायला हवं. पण मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. रिक्षावाल्याकडे सुट्टे नसले तरी माफी मीच मागतो.

माझं उत्तर ऐकून गजभियेजी "या, या," म्हणायचे, पण त्या आवाजात एक बारीकशी निराशा असायची. लॉटरीचा नंबर एका आकड्यानं हुकावा तशी. मला वाटायचं, पगाराचं काहीतरी असेल.

इंदूरला बडा गणपतीजवळ एका साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइटी बनवतो. शाळांच्या, दवाखान्यांच्या, नमकीनवाल्यांच्या, लग्नाच्या गार्डनांच्या. क्लायंट मी सांभाळतो. वेबसाइट उघडल्यावर सगळ्यात आधी जे दिसतं, ते पहिलं पान गजभियेजी करतात. आतली भरताड पोरं करतात. पहिल्या पानाला दुसऱ्या कोणी हात लावलेला गजभियेजींना चालत नाही.

पान हा शब्दही त्यांचाच. बाकी सगळे पेज म्हणतात. कोणी त्यांच्यासमोर पेज म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "पेज आजाऱ्याला देतात, भिया. पाव्हण्याला पान वाढतात." आमच्या पोरांचा जन्म इंदूरचा, मराठी घरापुरती. त्यांना यातला विनोद कळेना. तेव्हा गजभियेजींनी एक दिवस डब्यातून खरोखरची पेज आणली, तांदळाची, मीठ घातलेली, आणि एकेकाला वाटीतून पाजली. एकानं चव घेऊन विचारलं, "सर, इसमें सेव डाल दें?"

त्यांच्या केबिनमध्ये एक लांब फळी आहे आणि त्या फळीवर जुने फोन आणि जुने लॅपटॉप ओळीनं बसलेले असतात. त्यांना ते पाव्हणे म्हणतात. ज्यांना आमच्या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एकच वेबसाइट प्रत्येक ब्राउझरमध्ये सारखी दिसेल असं नसतं. नव्या ब्राउझरला नवे खेळ येतात, जुन्याला येत नाहीत. एकात जे चित्र झोकात सरकतं ते दुसऱ्यात मध्येच अडकून बसतं. म्हणून गजभियेजी प्रत्येक नवं पान या सगळ्या पाव्हण्यांपुढे मांडून बघतात. त्यात एक फोन आहे, त्याची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण बसत नाही म्हणून रबरबँड लावलाय. तो काकाजी. पान क्लायंटकडे जाण्याआधी ऑफिसात एकच प्रश्न विचारला जातो, "काकाजी जेवले का?" काकाजी जेवले नसतील तर पान बाहेर जात नाही.

यात त्यांचं नेहमी बरोबरच असतं असं मात्र नाही. एकदा एका अगदी जुनाट ब्राउझरसाठी ते असे हट्टाला पेटले की एका दवाखान्याचं काम लांबतच गेलं. मी हिशेब काढून दाखवला की तो ब्राउझर वापरणारं अख्ख्या माळव्यात कोणी उरलेलं दिसत नाही. ते म्हणाले, "असेल ना कोणी एखादा." आणि पुन्हा कामाला लागले. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची माफी मी मागितली.

त्यांचं आणि माझं खरं भांडण नावावरून असायचं. ब्राउझर वेबसाइटच्या दाराशी आला की आपलं नाव सांगतो. सोपा उपाय असा की नाव विचारायचं, नवा असेल तर भारी पान दाखवायचं, जुना असेल तर दुसरीकडे पाठवून द्यायचं. पुष्कळ लोक असंच करतात. गजभियेजी कधीच करत नाहीत.

"सगळे खोटं नाव सांगतात, चिटणीसजी," त्यांनी मला एकदा समजावलं. "वो क्या है ना, फार पूर्वी एकाच ब्राउझरला चांगलं पान मिळायचं. मग दुसरा आला. त्याला कोणी वाढेना. मग त्यानं काय केलं, पहिल्याचं नाव लावून घेतलं. मग तिसऱ्यानं पण तेच. आता सगळे तेच एक नाव पुढे लावून फिरतायत. नावात काय अर्थ राहिला? त्यापेक्षा विचारा ना, बाबा, तुला हे जमतं का? जमत असेल तर दे. नसेल जमत तर साधं दे. पण त्याच पानावर दे."

"आणि तुम्ही स्वतः दारावर विचारताच की, कौन आता है."

"ते नाव नाही विचारत मी," ते म्हणाले आणि पुन्हा कामाकडे वळले.

त्याच दिवशी चहा पिताना ते सांगत होते, "मी इंदूरला पहिल्यांदा खोली बघायला आलो ना, तर ब्रोकर म्हणतो, पूरा नाम मत बताओ, मिलिंद कुमार बोल दो. मी म्हटलं, मी काय ब्राउझर आहे?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. ते अजूनही रोज महूहून बसनं येतात आणि बसनं जातात, याचा त्या खोलीशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एका मराठी मंडळाचं काम आलं. मंडळाचं वार्षिक स्नेहभोजन असतं, लालबागेकडच्या एका गार्डनमध्ये, पाटावर बसून, पंगतीनं. त्याची नावनोंदणी यंदा वेबसाइटवर करायची होती. मंडळाच्या सचिव दांडेकर काकू, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पहिल्या पानावर दार हवं होतं. दोन फळ्यांचं, पितळी कड्यांचं, वर आंब्याच्या पानांचं तोरण, दोन्ही बाजूंना पणत्या. बोट लावलं की दार उघडायला हवं आणि सनई वाजायला हवी.

गजभियेजींनी दार केलं आणि ते फार देखणं झालं. मी ऑफिसात बसून ते उगीच पुन्हा पुन्हा उघडायचो. काकाजी अजून जेवले नव्हते, पण काकूंना राहवेना, म्हणून मी गजभियेजींना न विचारता तसंच त्यांना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अरे चिटणीस, आमचे अध्यक्ष बंद दारासमोर बसून होते रे कधीचे. त्यांच्या फोनवर उघडतच नाही ते. त्यांना वाटलं आत मीटिंग चाललीय, संपली की उघडतील."

मी माफी मागितली.

"माफीचं राहू दे. असं कर, जुन्या फोनवाल्यांचं वेगळं काढ काहीतरी. साधं. लिहून टाक की नोंदणीसाठी काकूंना फोन करा. सोमवारी नोंदणी उघडायची म्हणजे उघडायची. नाही तर माझा भाचा करून देतो म्हणतोय."

मी केबिनचं दार वाजवलं.

"थम. कौन आता है?"

"मी, चिटणीस. कामात असाल तर..."

"या, या."

मी काकूंचं म्हणणं सांगितलं. गजभियेजींनी शांतपणे मान हलवली. "वेगळं पान नाही निघणार, चिटणीसजी. ज्याला दार उघडता येईल त्याला दार. ज्याला नाही येत त्याला बिनदाराचं. पण पान एकच."

"सोमवारी हवंय हो त्यांना."

"मग सोमवारी देतो ना."

"आणि नाही जमलं तर? काम जाईल हातातलं."

"जमेल. परेशान नका होऊ."

पण परेशान होणं हा माझा स्वभाव आहे. शुक्रवारी दुपारी मी स्वतःच बसलो आणि जुन्या फोनवाल्यांसाठी एक पान केलं. दाराशी नाव विचारायचं, जुना निघाला की इकडे वळवायचं. एवढं मला येतं. अडलं ते मजकुरावर. आपला ब्राउझर जुना आहे असं सत्तरीच्या माणसांना कसं लिहायचं? उद्धट वाटत होतं. मग मला गजभियेजींचाच शब्द आठवला आणि मी लिहिलं, "आपल्यासाठी वेगळं पान वाढलं आहे. कृपया इकडे या."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते लगेच त्यांना दाखवायला गेलो. "बघा," मी म्हटलं, "तुमचीच भाषा वापरलीय."

त्यांनी ते काकाजीवर उघडून वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, वाक्यं तर दोनच होती. मग काकाजीचा रबरबँड नीट केला.

"हे वाक्य काढा, चिटणीसजी."

"का बरं? गोड आहे हो. घरगुती वाटतं."

"हां," ते म्हणाले. "घरगुतीच आहे."

मग त्यांनी काकाजीला रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि नेहमीच्या बसच्या बऱ्याच आधी ते निघून गेले. शनिवारी आले नाहीत. फोन बंद. मी वाक्य काढलं, मग ते पानच काढून टाकलं. पण आपलं काय चुकलं ते मला कळेना. त्यांच्या कामात हात घातला म्हणून रागावले असतील, सोडून जाणार असतील, असं वाटून मला जेवण जाईना. मंडळाचं काम जाईल याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या काचेच्या दारामागून आता कोणी काही विचारणार नाही, ही भीती जास्त होती.

रविवारी सकाळी मिठाईचा डबा घेऊन मी महूला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पत्ता विचारत विचारत एका बैठ्या घरासमोर पोचलो आणि दार वाजवलं.

आतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "थम. कौन आता है?"

मी दचकलो. "मी, चिटणीस. इंदूरहून. ऑफिसातून."

आत कोणीतरी हसलं. "मिलिंद, तुझे चिटणीस आलेत रे. नाव सांगतायत."

दार उघडलं. गजभियेजींची आई ठेंगणी, जाड चष्म्याची, हाताला पीठ लागलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला गणवेशातल्या आजोबांचा फोटो. गजभियेजी खाली सतरंजीवर बसले होते. एका मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्या मांडीवर एक जुना फोन, शेजारी काकाजी.

"अरे, चिटणीसजी, बसा ना. फोन केलेला का? मी बंद ठेवलाय. आईच्या फोनवर ते दार अडकतंय, काकाजीसारखंच. आता सुटत आलंय."

"दोन दिवस झाले, माझा फोन घेऊन बसलाय," आई म्हणाल्या. "बहिणीशी बोलणं बंद माझं. तिला वाटेल मी मेले."

ते रागावून गेले नव्हते, काम करत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी उगीच बोलत सुटलो. आईंना विचारलं, "मी नाव सांगितलं त्यात हसण्यासारखं काय होतं?"

"नाव विचारतंय कोण, बाबा? दोस्त म्हणायचं असतं. माझे सासरे सांगायचे ना. संतरी विचारतो, कौन आता है. समोरचा म्हणतो, दोस्त. मग संतरी म्हणतो, दोस्त, आगे बढ़. कप्तान असू दे की धोबी. ते म्हणायचे, साऱ्या महूमध्ये तेवढी एकच जागा आहे जिथं आडनाव लागत नाही. म्हणून मग घरात पण तेच सुरू केलं त्यांनी."

मी गजभियेजींकडे पाहिलं. "ऑफिसात कधी सांगितलं नाहीत."

"सांगून म्हणवून घ्यायचं ते काय, चिटणीसजी," ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

आईंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सतरंजीवर लॅपटॉप, वायरी, फोन पसरलेले. त्यांची अडचण होऊ नये म्हणून मी म्हटलं, "माझं ताट इकडे कोपऱ्यात वेगळं वाढा, चालेल मला. त्यांचं काम चालू दे."

"वेगळं कशाला?" आईंनी वायरी बाजूला सारल्या आणि तीन ताटं एका ओळीत मांडली. "वेगळं वाढायचं ते आमचं असायचं." त्या हसत हसतच बोलत होत्या. "मिलिंदच्या बाबांच्या साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. इंदूरलाच. आम्ही दोघं अगदी नटून गेलो. पंगतीत बसणार, तेवढ्यात एक बाई आल्या. फार गोड बोलल्या, खोटं कशाला सांगू. गजभिये ना? म्हणाल्या. आपल्यासाठी वेगळं पान वाढलंय, इकडे या. जिन्याखाली. पाट मांडलेला, रांगोळी पण घातलेली. दोघांपुरती."

"आई, बस ना," गजभियेजी म्हणाले.

"अरे, सांगतेय मी त्यांना. त्यांना कुठं माहीत असणार?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जेवलो. वरण चांगलं होतं. हे मात्र त्यानंतर कुणाच्या लग्नात जेवले नाहीत. आहेर द्यायचे आणि घरी यायचे."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. मी काय लिहिलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. गजभियेजींनी घरी सांगितलं नव्हतं. ते पेल्यात पाणी ओतत होते, तिन्ही पेले सारखे भरावेत म्हणून वाकून बघत होते.

आमच्या घरी वेगळं पान म्हणजे उपासवाल्यांचं, पथ्यवाल्यांचं, नाहीतर रुसून बसलेल्या मुलाचं. मी तो शब्द आयुष्यभर लाडाचाच ऐकला. माझं आडनाव म्हणजे दरबारातलं एक पद, त्याला कुठल्याच दारावर अडवलेलं मला आठवत नाही. त्या गोड बोलणाऱ्या बाईंनाही ते वाक्य घरगुतीच वाटलं असेल. त्यांनी रांगोळी घातली होती. मी कृपया लिहिलं होतं.

रिक्षावाल्याची माफी मागणारा मी, तिथे मला एक शब्द सुचेना. घास हातात धरून नुसता बसलो.

"ठेचा घ्या, चिटणीसजी," गजभियेजी म्हणाले. "आईच्या हातचा आहे. इंदूरचं पब्लिक याला घाबरतं."

मी घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला ठेच्याचं कारण मिळालं.

जेवणं झाल्यावर त्यांनी आईचा फोन आईच्या हातात दिला. "बघ बरं आता."

त्या फोनवर ना दार होतं ना सनई. तोरण होतं, दोन स्थिर पणत्या होत्या आणि मधोमध मोठ्या अक्षरात एक शब्द होता. आईंनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचला. "या."

"एवढंच?"

"एवढंच. खाली नोंदणी."

"मग बरं आहे," आई म्हणाल्या, आणि त्याच फोनवरून त्यांनी बहिणीला फोन लावला.

सोमवारी सकाळी दांडेकर काकूंचा फोन आला. "चिटणीस, अध्यक्षांचं झालं रे. पण त्यांना दारच दिसलं नाही म्हणे. माझ्या फोनवर तर आहे."

"त्यांच्यासाठी ते आधीच उघडून ठेवलंय, काकू."

"हे बरं सुचलं रे तुला."

"मला नाही. गजभियेजींना."

हे त्यांना सांगायला म्हणून मी उठलो. केबिनच्या काचेतून ते दिसत होते, काकाजीला पुन्हा फळीवर त्याच्या जागी बसवत होते. मी दार वाजवलं.

"थम. कौन आता है?"

पोरांपैकी कोणीतरी मागून कुजबुजलं, "जलेबी." उत्तर मला आता माहीत होतं, पण ते द्यायचा हक्क आपल्याला आहे का, हे कळत नव्हतं. तो हक्क कोणाला विचारून मिळत नसावा. मी हळूच म्हटलं, "दोस्त."

आतून काहीच आलं नाही. काचेतून मला त्यांचा हात दिसत होता, काकाजीच्या रबरबँडवर तसाच थांबलेला. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग लक्षात आलं, की ऐकू गेलंय. इतकी वर्षं ते दिवसभर विचारत होते, पण त्याच्या पुढचं वाक्य म्हणायची पाळी या ऑफिसात त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

त्यांनी ते म्हटलंच नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि दार वाजल्यावर जे कधी जागेवरून उठत नसत, त्यांनी येऊन आपल्या हातानं दार उघडलं.